आंबा घाट ते रत्नागिरी: पावसाळ्यातली वाट

कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे 130 किलोमीटरचे आहे. उन्हाळ्यात ही साडेतीन-चार तासांची वाट. जुलैत मात्र तिला किती वेळ लागेल, हे घड्याळ सांगत नाही, पाऊस सांगतो. या वाटेच्या मधोमध शाहूवाडी तालुका येतो. त्याच्या पूर्वेला बांबवडे आणि सरूडच्या परिसरात ऊस डोलतो, तर पश्चिमेला आंबा आणि गजापूरच्या अंगाला भात, नाचणी आणि दिवस-दिवस न हटणारे धुके असते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ भागात वर्षाकाठी 500-600 मिलीमीटर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात तो 1,000 च्या आसपास जातो, रत्नागिरीत 3,000 ओलांडतो आणि दोहोंच्या मधल्या घाटमाथ्यावर त्याहूनही वर चढतो. एकाच दिवशी शिरोळमधला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो आणि आंब्यात मात्र कौलांवरची धार खंडलेली नसते.

याचे कारण वाऱ्यात आणि डोंगराच्या उभ्या कड्यात आहे. दक्षिण गोलार्धातून येणारे आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून वाहू लागतात. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन ते कोकणपट्टी पार करतात. साखरप्याच्या पुढे सह्याद्री त्यांना आडवा येतो. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर चढणारी हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि ते कड्याच्या तोंडावर व माथ्याच्या पहिल्या काही किलोमीटरांत कोसळते. मलकापूरच्या पुढे उतरणाऱ्या हवेत बाष्पही कमी उरते आणि ती पुन्हा थोडी तापते, म्हणून तिथून पूर्वेला पाऊस झपाट्याने ओसरतो. पर्जन्यछायेचा धडा शाळेच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा मलकापूर-आंबा एसटीच्या खिडकीतून लवकर समजतो.

हाच वारा, याच नियमाने, दुसऱ्या एका किनाऱ्यावरही आदळतो. गिनीच्या आखातावरून येणारे नैर्ऋत्य वारे सहाराच्या तापलेल्या भूमीवरच्या कमी दाबाकडे ओढले जातात आणि फ्रीटाउन, कोनाक्री, मन्रोव्हिया या पश्चिम आफ्रिकेतल्या शहरांना मे-जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत भिजवतात. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन येथे वर्षाला साधारण रत्नागिरीइतकाच पाऊस पडतो आणि त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो. लायबेरियातल्या मन्रोव्हियाचा आकडा 4,000 मिलीमीटरच्या वर जातो. मात्र त्याच किनाऱ्यावर घानाची राजधानी अक्रा 800 च्या आसपासच अडते, कारण तिथे किनारा वाऱ्याला आडवा नसून त्याच्या दिशेनेच पसरलेला आहे आणि पावसाळ्याच्या मध्यावर समुद्राचे पाणीही थंड असते. नायजेरियातल्या लागोसला पावसाचे दोन जोर असतात, जूनमधला मोठा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला धाकटा. मधल्या ऑगस्टमध्ये उघडीप मिळते. सह्याद्रीतही उघडीप पडते, पण तिचा महिना ठरलेला नसतो. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की घाटमाथ्यावर चार दिवस ऊन दिसते.

दोन्ही किनाऱ्यांचे साम्य आकाशापुरते नाही. युगानुयुगे असा पाऊस पडत राहिला आणि त्यात उष्णतेची भर पडली की खडकातले विरघळणारे घटक धुऊन जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहते. त्यातूनच सह्याद्रीचा जांभा तयार झाला. शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगड तालुक्यांतल्या सपाट माथ्यांवर, म्हणजे सड्यांवर, जांभ्याच्या थरात बॉक्साइट सापडते. कोनाक्री ज्या देशाची राजधानी आहे, त्या गिनीत जगातला बॉक्साइटचा सर्वांत मोठा साठा आहे. पावसाने घडवलेले हे धन काढायचे तर सडा खरवडावा लागतो. सड्याखाली झिरपणारे पाणीच खालच्या वाड्यांचे झरे जिवंत ठेवते. त्यामुळे घाटमाथ्यावर खाणींविषयी वाद होत आले, यात आश्चर्य नाही.

घाटमाथा ही पाण्याची फाळणीही आहे. पश्चिमेकडे उतरलेले पाणी काजळी नदीतून साखरप्याच्या खोऱ्याने खाली जाते आणि रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते. विशाळगडासमोरच्या माचाळच्या डोंगरातून निघणारी मुचकुंदी पूर्णगडापाशी पोहोचते. पूर्वेकडचे पाणी लांबचा रस्ता धरते. कडवी नदी वारणेला मिळते आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला. गजापूरकडून येणारी कासारी गेळवडे धरणातून पुढे पंचगंगेत जाते आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते. म्हणून आंब्यात आणि गजापुरात धो-धो पाऊस लागला की कोल्हापूरकर कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरचे फूट मोजू लागतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पाणी 55 फुटांच्याही पलीकडे गेले होते. घाटाकडे निघालेल्या पाहुण्याने हवामानाच्या अंदाजासोबत हा आकडाही पाहावा. घाटातला पाऊस थांबलेला असतो, पण परतीची वाट एक-दोन दिवसांनी खालच्या पुराने बंद होते.

या मुलुखात पावसाळ्यात येऊन फसलेल्यांची यादी फार जुनी आहे. बहमनी वजीर महमूद गावान 1469 ते 1472 च्या दरम्यान कोकणच्या मोहिमेवर आला, तेव्हा खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, त्याच्या डोळ्यांत सलत होता. फिरिश्त्याच्या तवारिखेनुसार पाच महिने वेढा घालूनही गड पडला नाही आणि पाऊस सुरू झाला. गावानने खिंडी अडवण्यासाठी या हवेला सरावलेले पायदळ मागे ठेवले, स्वतः घाट चढून कोल्हापूर भागात आला आणि गवताने शाकारलेल्या झोपड्या उभारून पावसाळा काढला. पावसाशी झुंजायचे नसते, हे त्याला उमगले होते. पाऊस सरल्यावर त्याने गड मिळवला, तोही तलवारीपेक्षा पैशाच्या जोरावर.

1660 मध्ये पावसाने दोन्ही पक्षांची परीक्षा घेतली. सिद्दी जौहरने मार्चपासून पन्हाळ्याला वेढा घातला होता. पाऊस लागला की वेढा ढिला पडतो, हा त्या काळचा अनुभव. जौहरने मात्र छावणी शाकारून घेतली आणि फास आवळलेलाच ठेवला. अखेर 12 जुलैच्या रात्री, आषाढातल्या काळोख्या पावसात, छत्रपती शिवाजी महाराज गडावरून निसटले. पौर्णिमा असली तरी ढगांनी चांदणे झाकले होते. पुढची पन्नास-साठ किलोमीटरची चाल चिखलातून, ओढ्यांतून आणि दाट रानातून झाली. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या तुकडीने पाठलाग रोखून धरला; विशाळगडावरच्या तोफांचे आवाज झाल्यावरच बाजींनी प्राण सोडला, असे परंपरा सांगते. तीच पावनखिंड. दरवर्षी आषाढात शेकडो तरुण पन्हाळ्याहून म्हाळुंगे, मसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी या वाटेने पावनखिंडीपर्यंत पायी जातात. बूट चिखलात रुतून निघत नाहीत, पिशवीतले कपडे भिजून जड होतात आणि त्या रात्री महाराजांच्या पालखीचे भोई काय करत असतील, हा प्रश्न पुस्तकाबाहेर येऊन उभा राहतो.

पाहुण्यांत सर्वांत मोठी फजिती झाली ती औरंगजेबाची. 1701 च्या अखेरीस मोगल फौज मलकापूरकडून विशाळगडावर चालून आली. आंबा घाट तोफा आणि गाड्यांसाठी अशक्य होता, म्हणून फत्तेउल्लाखानाने पाथरवट आणि लाकूडतोडे लावून वाट मोकळी केली. गडावर परशुरामपंत प्रतिनिधी होते. त्यांनी वेढा सहा महिने ताणला आणि जूनच्या सुरुवातीला, म्हणजे नेमका पाऊस दारात आल्यावर, दोन लाख रुपये घेऊन किल्ला सोडला. बादशहाच्या पदरात गड पडला आणि सोबत मृगाचा पाऊसही. विशाळगडापासून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंतची साधारण तीस मैलांची वाट मोगल फौजेला पाच आठवड्यांहून अधिक काळ पुरली. ओढे उतरेनात, उंट पाऊल टाकेनात, हत्ती चिखलात रुतले, धान्याचे भाव भडकले, तंबूंना कोरडी जागा मिळेना. हिंदुस्थानातली सर्वांत बलाढ्य फौज कासारीच्या खोऱ्यात शत्रूवाचून हतबल झाली. प्रतिनिधींनी वेळ किती अचूक साधली, याचे कौतुक इतिहासात व्हायला हवे तेवढे झालेले नाही.

आजचा प्रवासी डांबरी रस्त्याने येतो, तरी पावसाचे वेळापत्रक जुनेच आहे. गावातली माणसे ते नक्षत्रांनी मोजतात. मे महिन्यात घाटाकडच्या गावांत धूळवाफ पेरणी होते. कोरड्या धुळीत भात पेरून वळवावर आणि मृगावर विसंबून राहायचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मृग बरसू लागतो. आर्द्रात ओढे वाहते होतात. पुनर्वसूचा पाऊस तो ‘तरणा’ आणि पुष्याचा तो ‘म्हातारा’, पण नावावर जाऊ नये, म्हाताराही तितकाच झोडपतो. जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टचा मध्य हा जोराचा काळ. रोपलागण याच दिवसांत असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या डोक्यावर पूर्वी बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असायचे, आता प्लास्टिकचा कागद असतो. इरले पाठीवर उबदार राहायचे, कागदाखाली घाम येतो, एवढा फरक जुनी माणसे सांगतात.

रस्त्यावरचे खरे संकट घाटातच असते असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून उन्हाळ्यात पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यायचे, अशी ही साधी व्यवस्था. अनेक गावांचा रस्ता बंधाऱ्यावरूनच जातो. कासारी किंवा कडवी फुगली की बंधारा पाण्याखाली जातो आणि गाव तुटते. पाणी घोट्याएवढेच आहे म्हणून गाडी घालणारे दरवर्षी सापडतात. प्रवाहाच्या जोराचा अंदाज पाण्याच्या उंचीवरून येत नसतो, हे त्यांना उशिरा कळते. स्थानिक माणूस पाणी ओसरेपर्यंत थांबतो, तेच शहाणपण.

आंबा घाटात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, धुके आणि दरड. धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे दहा-पंधरा पावलांवर येईतो दिसत नाहीत, म्हणून रात्रीचा घाट टाळलेला बरा. दरडीचे कारण पुन्हा पाणीच. कठीण बेसाल्टवर बसलेला मातीचा आणि सुट्या दगडांचा थर पाणी पिऊन जड होतो, खडक आणि माती यांच्यामधली पकड सुटते आणि उतार घसरतो. 22 जुलै 2021 च्या सुमारास झालेल्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि त्यानंतर बराच काळ अवजड वाहनांना घाट बंद राहिला. त्याच दिवसांत चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यातले तळिये गाव गाडले गेले. आता रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी जागोजागी डोंगर कापले आहेत. ताजा कापलेला उतार पहिल्या काही पावसाळ्यांत सर्वांत अस्थिर असतो.

एवढे करून पाहायला काय मिळते? आंबा गावाच्या भोवती आंबेश्वराची देवराई, मानोलीचा तलाव, सड्यांच्या काठावरून खाली कोकणात कोसळणारे ढग. दख्खनच्या बाजूला उभे राहून ढग आपल्या पायांखालून वर येताना दिसणे हा घाटमाथ्याचा खास अनुभव. आंब्याहून विशाळगडाकडे जाणारा रस्ता दाट रानातून जातो. गवे संध्याकाळी रस्त्यावर येतात, हॉर्न न वाजवता थांबावे. तालुक्याच्या उत्तरेला चांदोली राष्ट्रीय उद्यान लागते. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाचे हे पट्टे जागतिक वारशाच्या यादीत आले.

बर्कीचा धबधबा मात्र वेगळ्या कारणाने ओळखला जातो: रविवारच्या गर्दीने. धबधब्याखाली उभे राहण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण वरच्या माथ्यावर पडलेली सर खाली दिसत नाही आणि तिचा लोंढा काही मिनिटांत पोहोचतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या-पाला येऊ लागणे, आवाज बदलणे या तीन खुणा दिसताच बाहेर पडायचे असते. अतिवृष्टीत प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते, तेव्हा ती मोडून जाण्यात कसलाच पराक्रम नाही.

घाटमाथ्यावर राहायचे तर जळवांची सवय करून घ्यावी लागते. मीठ किंवा तंबाखूचे पाणी मोज्यांना लावले की त्या दूर राहतात. जेवणात नाचणीची भाकरी, टाकळा आणि कुर्डूसारख्या रानभाज्या, खेकड्याचा रस्सा मिळतो. पहिल्या पुरात ओढ्याने वर येणारे चढणीचे मासे जूनमध्येच मिळतात. तेव्हा ते अंडी घालायला निघालेले असतात, म्हणून धरणाऱ्यांनी थोडा हात आखडावा असे जाणकार म्हणतात, पण चुलीवरच्या वासापुढे ते ऐकले जात नाही.

घाट उतरून साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा करत रत्नागिरी येते. पावसाळ्यातले रत्नागिरी हे झोपलेले बंदर असते. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मिरकरवाड्याच्या नौका शाकारून किनाऱ्याला लागलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, बाजारात सुकट आणि सुके बोंबील. या काळात मासे प्रजनन करतात आणि समुद्रही खवळलेला असतो. पूर्वी मुंबईहून येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत, त्यामुळे बाहेरच्या जगाशी संबंध घाटवाटांवरच अवलंबून राही. आता कोकण रेल्वे आहे, पण तीही पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. शहरात पाहण्यासारख्या जागा पावसातही उघड्या असतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 मध्ये इथे कैदेत आणला गेला. 1910 मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात तो 1916 पर्यंत, मरेपर्यंत राहिला. मांडवी आणि भाट्याच्या किनाऱ्यावर लाटा पाहाव्यात, पाण्यात उतरू नये. भातशेतीच्या साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरणेही टाळावे. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण याच दिवसांत वाढतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनशी तुलना केली तर रत्नागिरीचे एक भाग्य लक्षात येते. इथे बंदर आणि उंच डोंगर यांच्यात साठ-पासष्ट किलोमीटरची कोकणपट्टी आहे. फ्रीटाउनमध्ये डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि शहर त्यांच्या उतारांवरच वसले आहे. घाट आणि बंदर एकाच जागी आल्यासारखे. 14 ऑगस्ट 2017 रोजी तिथल्या शुगर लोफ डोंगराचा भाग मुसळधार पावसात ढासळला आणि मृत व बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसे गेली. जंगल तोडून उतारांवर घरे चढत गेल्याने नुकसान वाढले. त्या किनाऱ्यावर कामानिमित्त जाणाऱ्या भारतीयांना आणखी एक तयारी लागते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तिच्या प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवस विलगीकरणात ठेवता येते. आणि पावसाळा हाच तिथे मलेरियाचा हंगाम.

ज्यांना पाऊस हवा आहे पण त्याचा मार नको, त्यांनी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य निवडावा. घाट चालू असतो, धबधबे आटलेले नसतात आणि सड्यांवर फुले येऊ लागतात. जांभ्याच्या उथळ, निकस मातीत नत्र कमी असल्याने इथे कीटक खाणाऱ्या वनस्पतीही वाढतात. सीतेची आसवे ही त्यांतली जांभळी, नाजूक. पाठोपाठ तेरडा आणि सोनकी माथे रंगवतात. फक्त गौरी-गणपतीचे दिवस वगळावेत, तेव्हा मुंबई-पुण्याहून निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांनी घाट आणि हातखंब्याचा तिठा तुंबतो. हस्ताचा पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस गडगडाटासह येतो आणि ऑक्टोबरात बहुतेक दिवस कोरडे जातात. मग नद्यांवरच्या बंधाऱ्यांत बरगे पुन्हा बसवले जातात, भाताची कापणी सुरू होते आणि कोल्हापूर-रत्नागिरी पुन्हा साडेतीन-चार तासांवर येते.